एका नारळात दोन प्रश्न

आमच्या गुरुजींना उताऱ्याचं कौतुक नव्हतं, त्यांना उताऱ्याखालच्या प्रश्नांचं कौतुक होतं. शाळा सुटायच्या आधी ते फळ्यावर बारीक अक्षरात एखाद्या राजाची नाहीतर शेतकऱ्याची गोष्ट लिहायचे, आम्ही ती वहीत उतरवून घ्यायची आणि खालच्या प्रश्नांची उत्तरं घरून लिहून आणायची. त्यांचे कायदे कडक. विचारलंय तेवढंच लिहायचं, पूर्ण वाक्यात लिहायचं, आणि उताऱ्यात आहे तेच लिहायचं. डोक्यातलं डोक्यातच ठेवायचं. एकदा एका नावाड्याचा उतारा होता. त्याची होडी का बुडाली, असा प्रश्न. उताऱ्यात सरळ लिहिलं होतं की वादळ आलं म्हणून. पण आम्ही खाडीकाठची पोरं, भर वादळातून सुखरूप काठाला लागलेल्या होड्या आम्ही पाहिलेल्या. मी लिहिलं, होडीच्या फळ्यांमधल्या फटी नीट भरलेल्या नसाव्यात. गुरुजींनी भलामोठा भोपळा दिला आणि वर विचारलं, "तू होतीस काय गो त्या होडीत?" सगळा वर्ग हसला. हल्ली माझ्या नातवाला चार उत्तरं छापूनच देतात आणि त्यातल्या एकावर खूण करायला सांगतात. मी त्याला म्हणते, बाबा रे, मजा आहे तुझी. आमचं वाक्य अर्धं राहिलं तर चालत नसे, छडी मात्र पूर्ण बसायची.

जयगडच्या खाडीच्या आत, जरा वर चढून गेलं की आमची वाडी. घर जांभ्याचं, पुढे शेणाने सारवलेलं खळं, मागे चार माड आणि गुरांचा गोठा. घरात तात्या म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ, काकी, आई आणि मी. काकींचे दोघे मुलगे मुंबईला कामाला, ते गणपतीला आणि शिमग्याला यायचे तेवढेच. आई चौथी शिकलेली. चौथीच्या वर तिच्या गावात शाळाच नव्हती. तिन्हीसांजेला मी पडवीत अभ्यासाला बसले की ती हातातलं काम घेऊन माझ्याजवळ येऊन बसायची. कधी कुळीथ पाखडायची, कधी सुकट निवडायची. सुपातली सुकट वाजत राहायची आणि मी उतारा मोठ्याने वाचायची. आईने कधी उत्तर सांगितलं नाही, पण उतारा आवडला तर ती म्हणायची, पुन्हा वाच. आत चुलीवर भात रटरटत असायचा, काकींची आमटीला फोडणी पडायची. त्या वेळी मला वाटायचं की सगळ्यांच्याच घरी उतारा असाच वाचत असतील.

बाबा बोटीवर होते. आमच्याकडे बोटीवर म्हणजे मालाच्या मोठ्या जहाजावर. मासे मारायला होडीतून जाणाऱ्याला कुणी बोटीवर गेला म्हणत नाही. वर्षभर जायचे, दोन महिने घरी यायचे, येताना साबणाच्या वासाची ट्रंक आणायचे. त्या वर्षी दिवाळीनंतर त्यांची खबरच आली नाही. पत्र नाही, निरोप नाही. काकींच्या थोरल्याने मुंबईत बोटीच्या कंपनीच्या कचेरीत जाऊन विचारलं, तर म्हणाले, आम्हाला कळलं की कळवू. आधी आई पोस्टमनची वाट बघत खळ्यात उभी राहायची. मग खळ्यात उभं राहणं तिने सोडलं, पण पोस्टमनच्या वेळेला तिला बाहेरचं काहीतरी काम निघायचंच. घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे. मी आईला विचारायला घाबरत होते, आणि मला वाटतं तीही मी विचारीन म्हणून घाबरत होती.

अशात माझी सातवी संपत आली. गावातली शाळा सातवीपर्यंतच. गुरुजी एक दिवस स्वतः घरी आले, खळ्यात बसून पाणी प्यायले, आणि तात्यांना म्हणाले की पोर हुशार आहे, रत्नागिरीला हायस्कुलात घाला. रत्नागिरीत माझी मावशी राहायची, तिची ना नव्हती. गुरुजींना वार्षिक परीक्षेच्या आधी नाव कळवायचं होतं. तात्या माणूस वाईट नव्हता, पण नाही म्हणायचं असलं की ते कधी नाही म्हणत नसत. ते म्हणाले, देवाला विचारून सांगतो. मी पडवीच्या दाराआड उभी होते. मला शाळा हवी होती. इतकी की उताऱ्यातल्या राजाच्या पोरीचासुद्धा मला हेवा वाटायचा, का तर तिला शिकवायला पंडित घरी यायचे.

देवाला विचारणं म्हणजे कौल लावणं. आमच्याकडे कौलाशिवाय पान हलत नसे. पेरणी, सोयरीक, नवा बैल, सगळं देवळात ठरायचं. गुरव देवाच्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांना पाण्यात भिजवलेल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो, म्हणजे देवापुढे सगळ्यांच्या वतीने प्रश्न मांडतो. देवाच्या उजव्या खांद्यावरची पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. देव असं खरंच सांगतो का, हे मला विचारू नका. मी आजही गावी गेले की देवळाच्या पायरीवर चपला काढते आणि माझ्या थोरल्या मुलाशी याच गोष्टीवरून भांडते. तर एका प्रश्नाला एक नारळ, ही रीत. आणि आमचे तात्या म्हणजे नारळाच्या शेंडीचाही काथ्या करणारे. त्यांनी ठरवलं की देवळात जातोच आहोत, तर बोटीवरच्या भावाचंही त्यातच विचारून घेऊ. एका नारळात दोन्ही कामं.

ज्याचं काम तो समोर हवा म्हणून मलाही नेलं. शिमगा नुकताच झाला होता, देवळात अजून गुलालाचा वास होता. आई आली नाही, तिचा पाय उचलला नाही. गुरव म्हातारा, आवाज मात्र खणखणीत. तात्यांनी त्याच्या कानाशी लागून सगळं सांगितलं. त्याने पाकळ्या लावल्या, नारळ पुढे ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, तुझी लेकरं तुझ्या पायाशी उभी हायत. ही पोरगी रत्नांग्रीस शिकाय जाईल, नि घरची सगळी माणसं, बोटीवर हाय तो पण, सुखरूप राहतील, असं असेल तर उजवा दे. नसेल तर डावा दे म्हाराजा." मी उजवीकडच्या पाकळीकडे टक लावून बघत होते. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी पापणी लवू दिली नाही. आणि डावी पाकळी घरंगळून खाली पडली. गुरवाने ती उचलून तात्यांच्या हातावर ठेवली. तात्या म्हणाले, झालं, देवानेच सांगितलं. वाटेत त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो मी झटकला. त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

घरी काकींनी अर्थ लावून दिला. पोरगी घराबाहेर पडली तर बोटीवरच्या माणसाला बाधा, हाच त्याचा अर्थ, म्हणाल्या. मग काय बोलणार? बापाच्या जिवावर उठून शिकायला जाते म्हणणारी मी कोण? मी गोठ्यात जाऊन गाईच्या अंगाला तोंड लावून रडले. आईने मला हाक मारली नाही. रात्रीच्या पानात कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी होती, माझ्या आवडीची, ती मी तशीच ठेवली. आईचंही पान तसंच होतं.

गुरुजींचा गृहपाठ मात्र देवालाही चुकला नसता. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला मी वही उघडून बसले. आता कशाला लिहायचं, असं वाटत होतं, पण छडीची भीती होतीच. आई सुकट निवडत शेजारी. उतारा एका सुताराचा होता. मी काही न बोलता लिहीत होते, तर आईच म्हणाली, मोठ्याने वाच. मी वाचलं. एक प्रश्न असा होता, सुताराने आपली हत्यारे का विकली आणि तो गाव सोडून कोठे गेला? मी उत्तर दोन वाक्यांत लिहिलं. आईने विचारलं, एका प्रश्नाला दोन उत्तरं कशाला? मी जरा चिडूनच सांगितलं की प्रश्न एक दिसला तरी आत दोन आहेत, का विकली हा एक आणि कोठे गेला हा दुसरा. आई म्हणाली, आणि त्यातलं एक बरोबर आलं नि एक चुकलं तर? मी म्हटलं, तर गुरुजी सगळ्यावर मिळून एक फुली मारतात. मग कुठलं चुकलं ते कसं कळायचं, तिने विचारलं. मी म्हटलं, फुलीवरून नाही कळत, दोन प्रश्न वेगवेगळे विचारले तरच कळेल.

सुपातला तिचा हात थांबला. मग हळू आवाजात म्हणाली, "सुले, देवळात गुरवानं काय विचारलंन ते सांग बघू. जसंच्या तसं." पाठांतर माझं चांगलं होतं. मी गाऱ्हाणं शब्दन् शब्द म्हणून दाखवलं. आईने ते मला पुन्हा म्हणायला लावलं. दुसऱ्यांदा म्हणताना माझ्याही लक्षात आलं आणि मी वही टाकून उभीच राहिले. म्हटलं, आई, ह्यात पण दोन प्रश्न आहेत! आई म्हणाली, "व्हय. फुली कशावर पडली ते आपल्याला ठाऊकच नाय." मला एवढा आनंद झाला, की आईच्या चेहऱ्याकडे बघायचं मला सुचलंच नाही. मला माझाच अर्धा प्रश्न दिसत होता. मी नाचत आत काकींना सांगायला निघाले, तर आईने मनगट धरून मला खाली बसवलं आणि राहिलेला गृहपाठ पुरा कर म्हणाली. तिचा हात गार पडला होता.

आई तात्यांशी थेट बोलत नसे. थोरला दीर, डोक्यावर पदर. काही सांगायचं तर काकींना उद्देशून सांगायचं आणि तात्यांनी ते ऐकायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहिली आणि काकींना म्हणाली की भावजींना सांगा, कौल परत लावायला हवा, दोन गोष्टी एकत्र विचारल्या गेल्या. तात्यांचा चहा बशीतच राहिला. ते काकींकडे बघून ओरडले की देवाचं पटलं नाही म्हणून पुन्हा विचारायचं, म्हणजे देव काय हिच्या शाळेतला गुरुजी आहे? उद्या सगळी वाडी नावं ठेवील. आई हलली नाही. ती काकींना म्हणाली की पुन्हा नाही, नीट विचारायचं आहे, आणि नारळ माझ्या माहेरच्या माडाचे आहेत. हा टोला तात्यांना बरोबर बसला. शेवटी गुरवाला बोलावणं गेलं. तो आला, पायरीवर बसला, सगळं ऐकून घेतलं आणि तोंडात पान घातलं. मग म्हणाला, वयनींचं खरं हाय, माझंच चुकलं, दोन गाऱ्हाणी एका नारळावर घालायची नव्हती. गुरव उठताना मात्र आईला म्हणाला, "वयनी, इचार करून या हां. उत्तर सुटं सुटं मिळेल मग." आईने मान हलवली. मला वाटलं, यात विचार कसला करायचा?

सोमवारी आम्ही सगळेच गेलो. ऊन असं की पायाखालचा कातळ भाजत होता. आईने दोन नारळ पदराखाली घेतले होते. बायकांनी सभामंडपात मागे उभं राहायची रीत, काकी तशा राहिल्या, आई मात्र खांबाच्या पुढे येऊन उभी राहिली आणि कुणी तिला मागे हो म्हटलं नाही. गुरवाने पहिला नारळ ठेवला, पाकळ्या लावल्या आणि फक्त माझं विचारलं. पोरगी रत्नांग्रीस शिकाय गेली तर बरं होणार असेल तर उजवा दे. एवढंच. मग सगळे थांबलो. बाहेर कावळा ओरडत होता. पाकळ्या ओल्या होत्या, हलायचं नाव घेत नव्हत्या. कौल असा अडकून राहिला की गुरव पुन्हा गाऱ्हाणं घालतो, तसं त्याने घातलं. मी हात जोडून उजवा, उजवा म्हणत होते.

आणि तिथे उभ्या उभ्या माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आधीचा कौल डावा होता, म्हणजे दोघांतलं एक तरी उत्तर नाही होतं. आता माझं होय आलं, तर ते नाही कुणाचं? मी आईकडे पाहिलं. तिच्या ओठांना कोरड पडली होती आणि ती देवाकडे बघत नव्हती, जमिनीकडे बघत होती. तिला हे सुकट निवडता निवडताच कळलं होतं. गुरवालाही कळलं होतं. हे कळूनही ती दोन नारळ घेऊन आली होती. मला तेव्हा जे वाटलं, तसं पुन्हा कधी आयुष्यात वाटलं नाही. मी मनातल्या मनात ओरडायला लागले, देवा डावा दे, मला नको शाळा, मी गुरं राखीन, मी शेण काढीन, डावा दे. मी डाव्या पाकळीकडे डोळे लावले. उजवी पडली.

काकींनी मागून माझ्या पाठीवर हात फिरवला. तात्यांना उशिरा का होईना, कळलं असावं, कारण ते माझ्याकडे न बघता आईकडे बघत होते. गुरवाने खाली बघूनच दुसऱ्या नारळाला हात घातला आणि म्हणाला, आता धन्याचं. तेव्हा आई पुढे झाली आणि तिने त्या नारळावर तळहात ठेवला.

"नको," ती म्हणाली. "ह्यांचं विचारू नका."

तात्या म्हणाले, "अगो, त्यासाठीच तर आलो ना?"

आणि माझ्या देखत पहिल्यांदा, काकींना मध्ये न घालता, आई त्यांच्याशी थेट बोलली, "भावजी, पोरीचं विचारायचं होतं. ते झालं. आता गुरुजींना नाव सांगून या."

तात्या गेले. हे मी त्यांच्या बाजूने मुद्दाम लिहून ठेवते. घरी न जाता देवळातून ते तसेच गुरुजींकडे गेले.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. जाणार म्हणून आनंद करावा तर बाबा डोळ्यांपुढे यायचे. मी आईला सांगितलं की मी जात नाही. ती म्हणाली, गप बस. शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तिने मला एसटीत बसवलं, कंडक्टरला सांगितलं, आणि गाडी सुटायच्या आधीच पाठ फिरवून चालायला लागली. मला तिचा राग आला होता. रत्नागिरीत मावशीने खूप प्रेमाने ठेवलं, पण दारात कुणी गाववाला दिसला की मी आतल्या खोलीत जाऊन बसायची. वर्गात बाई उतारा वाचायच्या आणि मला एकच उतारा दिसायचा, गुरवाच्या गाऱ्हाण्याचा.

श्रावणात मावशीच्या दारी निरोप आला, बाबा घरी आलेत. गणपतीला मी गेले तर ते ओटीवर बसलेले, उजवा पाय गुडघ्यापासून ताठ, शेजारी काठी. जहाजाच्या खोल तळात पडले होते. कुठल्या तरी परक्या बंदरात इस्पितळात टाकून जहाज पुढे गेलं, आणि घरी कळवायचं राहूनच गेलं. ते पुन्हा बोटीवर गेले नाहीत. मला जवळ घेऊन त्यांनी विचारलं, कुठल्या इयत्तेत गेलीस गो? मी आठवी म्हटलं आणि त्यांच्या काठीला धरून बसले. तात्या खळ्यात येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत होते की बघा, देव खोटं बोलला नव्हता, पण जीव राखला.

दुपारी आई चुलीपाशी पातोळे वाफवत होती. हळदीच्या पानांच्या वासाने घर भरलं होतं. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि इतके दिवस मनात होतं ते विचारलं. दुसरा नारळ तू का ठेवू दिला नाहीस? आपल्याला तर कळलंच होतं.

आईने वर पाहिलं नाही. पानं एकेक करून सोडवत राहिली. "कळलं होतं गो," ती म्हणाली. "पण देवाच्या तोंडून ऐकलं असतं, तर तुझे कपडे भरायला माझे हात उठले नसते."